गाडी कोण चालवत होतं

देशाचं नाव मी लिहिणार नाही. त्या देशातल्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. जे केलं ते एका माणसाने केलं, आणि मग अख्खा देश त्याला पाठीशी घालायला उभा राहिला. त्या देशाच्या सिडनीतल्या वकिलातीत मी बरीच वर्षं ड्रायव्हर होते.

बाई ड्रायव्हर असली तर इथे कुणाला विशेष वाटत नाही. आपल्या लोकांना वाटतं. स्कोफिल्ड्सला आमच्या रस्त्यावर निम्मी घरं पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची. गणपतीला कुणी मला विचारलं, "तू काय करतेस गं?" की माझ्याआधी नवराच उत्तर द्यायचा, "ती कॉन्सुलेटमध्ये आहे." ते खोटं नव्हतं. पण मी मुद्दाम पुढे सांगायचे, "गाडी चालवते."

मला त्यात कमीपणा वाटायचं कारणच नव्हतं. माझे बाबा चिंचवडला मोटार ट्रेनिंग स्कूल चालवायचे. आमच्या भागातल्या कितीतरी बायका त्यांच्याकडे गाडी शिकल्या. मी कॉलेजात असताना सुट्टीत बाबांच्या शेजारी बसून शिकाऊ लोकांचे क्लच सांभाळायचे. सिडनीला आले ती अकाउंटिंग शिकायला. युनिव्हर्सिटी संपली, त्या कामाचा कंटाळा आला, आणि वकिलातीत ऑफिस असिस्टंट कम ड्रायव्हरची जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. टपाल आणायचं, काउंटरवर माणूस कमी असेल तर बसायचं, आणि मुख्य म्हणजे कॉन्सुल जनरलची काळी गाडी चालवायची. पहिले कॉन्सुल म्हातारे होते, मागच्या सीटवर बसून घोरायचे. ते परत गेले आणि त्यांच्या जागी हा आला.

हा पन्नाशीचा, देखणा, गोड बोलणारा. सगळ्यांना 'माय डियर' म्हणायचा. आल्या आल्या त्याने जुन्या लोकांच्या रजा बघितल्या आणि त्याच्या लक्षात आलं की एकाच नोकरीत ठराविक वर्षं भरली की इथल्या कायद्याने आम्हाला पगारी लांब रजा द्यावी लागणार. त्याच सुमारास माझा पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, आला. मी ऑफिसात हॅरिस पार्कहून आणलेली काजूकतली वाटली. त्याने दोन तुकडे उचलले, अभिनंदन केलं आणि म्हणाला, "आता तू इथली कायमची झालीस. मग जुना करार संपवून नवा करू या. आजपासून नवी सुरुवात."

"माझी आधीची वर्षं?" मी विचारलं.

"ती त्या करारात होती, माय डियर. तो करार संपला."

मी सही केली. पीआर हातात होता, पण नवं घर होतं, मुलगी शाळेत होती. नोकरी सोडायची माझी तयारी नव्हती. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे, रजेचंच तर आहे." मी जाऊ दिलं. पुढे एकदा लांब रजा मागितली तेव्हा कॉन्सुलने लेखीच कळवलं की आधीची नोकरी संपली, ही नवी आहे; तेही जाऊ दिलं. तेव्हा मला त्याचा राग आला होता, पण तो साधा, रोजचा राग होता.

खरा राग त्यानंतर काही वर्षांनी आला.

हंटर व्हॅलीत वाइनवाल्यांच्या कुठल्याशा संघटनेने त्याला जेवायला बोलावलं होतं. त्याच्या देशात इथली वाइन जावी म्हणून. मी त्याला घेऊन गेले. बाकीचे ड्रायव्हर बसले होते तिथे झाडाखाली बसले, सँडविच खाल्लं, मुलीच्या नेटबॉलच्या ग्रुपवर मेसेज करायचा प्रयत्न केला तर रेंज नव्हती. दुपार कलायला लागली तेव्हा तो बाहेर आला. कोट खांद्यावर, चेहरा लाल. सरळ माझ्याकडे येऊन हात पुढे केला.

"किल्ली दे. आज मी चालवतो."

"सर, तुम्ही प्यायलेले आहात. मी नेते."

"तू म्हातारीसारखी चालवतेस. नवी गाडी आहे, तिला जरा पळवायला पाहिजे."

"सर, नको. पोलीस असतात रस्त्यात."

तो हसला. "ही गाडी कुणाची आहे? माझ्या देशाची. पोलीस हिचं काय करणार?"

किल्ली मी दिली नाही. पण ती गाडी किल्ली जवळ असली की बटणावर सुरू व्हायची. किल्ली माझ्या जॅकेटच्या खिशात, मी गाडीपाशी उभी, आणि तो ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन सुरू करून मोकळा झाला. त्याने खिडकी खाली केली आणि म्हणाला, "येतेस की इथेच राहतेस?" मी डाव्या बाजूला त्याच्या शेजारी बसले आणि पट्टा लावला. शेजारी बसले तर निदान त्याला आवरता येईल, असं मला वाटलं. बाबांच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. इथे नव्हता.

द्राक्षांचे मळे संपले की तो रस्ता वळणावळणाचा होतो आणि कडेला बारीक खडी असते. मी दोनदा "सर, हळू" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत डावी चाकं खडीवर गेली, त्याने गडबडून स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी डाव्या अंगाने जाऊन एका गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडावर आदळली.

मला आवाज आठवत नाही. आठवतो तो पट्टा. डाव्या खांद्यावर कुणीतरी कुऱ्हाड घातल्यासारखा तो आत रुतला होता. माझं दार चेपून आत आलं होतं. एअरबॅगचा पांढरा धुरळा सगळीकडे पसरलेला. तो माझा पट्टा सोडवत होता आणि म्हणत होता, "गाडी पेटेल, बाहेर ये, बाहेर ये." माझ्या बाजूचं दार उघडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने मला काखेत धरून आपल्या सीटवरून ओढलं, उजव्या दारातून बाहेर काढलं आणि तिथेच गवतावर निजवलं. मी वेदनेने ओरडत होते, तरी मनात म्हणाले, वाचवलं याने.

मग तो माझ्याजवळ गुडघ्यावर बसला. अंगावर एक ओरखडा नव्हता. हलक्या आवाजात म्हणाला, "नीट ऐक. गाडी तू चालवत होतीस. तू प्यायलेली नाहीस, तुला काही होणार नाही. माझं मात्र सगळं संपेल. मी तुझं नीट बघीन."

मी म्हणाले, "नाही."

"दुखतंय तुला, आत्ता काही बोलू नकोस."

"नाही म्हटलं ना सर."

तेवढ्यात एक माणूस आपला यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, थांबवून धावत आला. त्याने बघितलं ते एवढंच, की ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी मी पडले आहे आणि कोट घातलेला एक साहेब माझा हात धरून बसला आहे. रेंज मिळेपर्यंत तो बिचारा पुढे गेला आणि त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मला ओढायला ती हिरवी शिट्टी दिली, दुखणं कमी करणारी. ती ओढत मी पोलिसांना सांगत होते, "मी नव्हते, मी नव्हते." तरुण कॉन्स्टेबल म्हणाला, "नो वरीज मेट, नंतर बोलू." कॉन्सुल त्याला बाजूला घेऊन गेला. त्याने दारू घेतली आहे का, ही श्वासाची तपासणी झालीच नाही. माझं रक्त हॉस्पिटलात तपासलं आणि ते स्वच्छ निघालं. म्हणजे त्याला हवी होती तशी ड्रायव्हर मी झाले.

माझं डावं कॉलरबोन मोडलं होतं, दोन बरगड्यांना चीर होती. हॉस्पिटलात मी पुन्हा जबाब दिला, औषधाच्या अमलाखाली नसताना. पण त्याच्याकडून उत्तर गेलं की मी कॉन्सुल आहे, कामावर होतो, जबाब द्यायला बांधील नाही. यूटवाल्याने जे दिसलं ते सांगितलं. पोलिसांनी कुणावरच काही केलं नाही.

बातमी चिंचवडपर्यंत पोचली. बाबांचा फोन आला. आधी खूप वेळ हाडाबद्दल विचारलं, मग म्हणाले, "बाळ, एक विचारू? खरं सांग. गाडी तू चालवत नव्हतीस ना?"

त्या प्रश्नाने मी जेवढी पेटले तेवढी त्या अपघाताने पेटले नव्हते. ज्या माणसाने मला क्लच शिकवला, त्याच्या मनात त्या हरामखोराने शंका घातली होती. त्याच दिवशी मी डूख धरला. मला नुकसानभरपाई नको होती, दिलगिरीही नको होती. त्याला कुठेतरी चारचौघांत उभं करून लोकांनी विचारायला हवं होतं, गाडी कोण चालवत होतं, आणि उत्तर देताना त्याचा तो देखणा चेहरा मला समोरून बघायचा होता.

हात गळ्यात अडकवून मी वकिलातीत गेले ती लेखी तक्रार घेऊन. त्याने ती वाचली, दोन बोटांनी बाजूला सारली. आठवड्याभरात मला बोलावून सांगण्यात आलं की निष्काळजीपणाने सरकारी गाडीचं नुकसान केल्याबद्दल आणि विश्वास उरला नसल्याबद्दल तुला कामावरून काढलं आहे. मी म्हणाले, "मी कोर्टात जाईन."

तो खुर्चीत मागे रेलला. "कुणावर? माझ्यावर? मी इथे माझ्या देशाचा प्रतिनिधी आहे. देशावर? माय डियर, देशावर खटला भरता येत नाही."

मी खाली आले, लाइट रेल धावते त्या रस्त्यावर बाकावर बसले आणि पहिल्यांदा रडले. दुखत होतं म्हणून नाही. तो बरोबर असेल तर, या भीतीने.

नवऱ्यालाही तीच भीती. तो पॅरामॅटाला एका बँकेच्या आयटीत, शांत माणूस, भांडण म्हटलं की आधी दार लावणारा. म्हणाला, "अगं, देशाशी कोण भांडतं? उद्या आपल्या सिटिझनशिपला काही झालं तर?"

"मी भांडणार."

"तुला दुसरी नोकरी मिळेल."

"मला नोकरी नकोय. मला तो पाहिजे."

मुलगी तेव्हा हायस्कूलला नुकतीच गेली होती. ती आयपॅडवरून मान वर न करता म्हणाली, "मम, व्हाय आर यू सो मॅड ऑल द टाइम?" खरंच, चोवीस तास चिडलेली असायचे मी. भांडी घासताना मनातल्या मनात त्याच्याशी बोलायचे. कॅसल हिलला फिजिओ माझा खांदा वर उचलायचा तेव्हा मी कॉन्सुलचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचे आणि दात आवळून हात आणखी वर न्यायचे.

वकीलबाई मिळाली ती त्या फिजिओच्याच ओळखीतून. साठीची गोरी बाई, केस बारीक कापलेले, ऑफिस पॅरामॅटाला एका दातांच्या दवाखान्याच्या वर. जिंकलो तरच फी, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी भीत भीत विचारलं, "देशावर खटला भरता येतो?"

"सहसा नाही," ती म्हणाली. "एका देशाने दुसऱ्या देशाला आपल्या कोर्टात खेचायचं नाही, असा मूळ नियम आहे. पण त्याला अपवाद आहेत. एखाद्या देशाने इथे धंदा केला, इथे कुणाला इजा केली, इथे कुणाला नोकरीवर ठेवलं, तर त्यापुरतं त्याला इथल्या कोर्टापुढे यावं लागतं. वकिलातीच्या नोकरांना मात्र तो अपवाद सहज मिळत नाही. त्यात एक अट आहे." ती पुढे झुकली. "नोकरीचा करार झाला तेव्हा तुझ्याकडे पीआर होता?"

मी तिला काजूकतलीची गोष्ट सांगितली. जुना करार, नवा करार, आजपासून नवी सुरुवात. ती हातातलं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे तुझी जुनी वर्षं बुडवायला त्याने पीआर आल्यावर तुझ्याकडून नवा करार करून घेतला?"

"हो."

"बाई, कोर्टाचं दार त्याने स्वतःच्या हाताने उघडून दिलंय."

किती तरी महिन्यांनी मी त्या दिवशी ट्रेनमध्ये हसले. माझ्या रजेवर डल्ला मारायला त्याने जी हुशारी केली, तीच आता त्याच्या गळ्यात पडणार होती.

मला वाटलं होतं, कागद तयार झाले की मी स्वतः जाऊन त्याच्या टेबलावर आपटीन. त्या दिवशी कुठली साडी नेसायची तेही ठरवलं होतं. वकीलबाईने ते मोडून काढलं. देशाला समन्स असं दारात जाऊन देता येत नाही. ते आधी कॅनबेराला जातं, तिथून सरकारी वाटेने त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे. त्याला कित्येक महिने लागले. तेवढ्यात त्याची बदली झाली. वकिलातीतली रिसेप्शनवरची मैत्रीण मला फोनवर म्हणाली, "गेला तो. निरोपाला केक कापला. तुझ्या जागी पोरगा ठेवलाय, त्यानेच एअरपोर्टला सोडलं." मी फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन रिसायकलिंगच्या पेटीला लाथा मारल्या. माझी शिकार निसटली होती. पुढचं सगळं नुसतं कागदाशी भांडण, असं मला वाटलं.

तसं झालं नाही. त्याचा देश त्याच्यासाठी भांडायला आला.

फेडरल कोर्टात पहिली सुनावणी फक्त एवढ्यावर होती, की हा खटला ऐकायचा अधिकार या कोर्टाला आहे की नाही. अपघाताबद्दल एक शब्द नाही. त्यांचा बॅरिस्टर उंच, अतिशय सभ्य. त्याने माझ्याकडे बघून मानही झुकवली. मग उभा राहून सांगितलं की या बाईंची नोकरी सुरू झाली तेव्हा त्या तात्पुरत्या व्हिसावर होत्या. नंतरचा करार म्हणजे जुन्याच नोकरीचं नूतनीकरण. नोकरी एकच, सलग. म्हणून हा देश या कोर्टापुढे उत्तर द्यायला बांधील नाही.

सलग. मी बाकाची कड घट्ट धरली. जी वर्षं त्यांनी माझ्यापासून हिरावून घेतली होती, ती आता मला हरवायला परत आणून दाखवत होते.

आमची वकीलबाई उठली. ती काही फार बोलली नाही. म्हणाली, "माझ्या अशिलाने लांब रजा मागितली तेव्हा याच देशाने तिला लेखी कळवलं होतं की तुझी आधीची नोकरी संपली आहे आणि ही नोकरी नवी आहे. आता ते काय म्हणतात ते आपण ऐकलंच."

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी त्या सभ्य माणसाला विचारलं, "नवा करार कुणाला हवा होता? यांना की तुमच्या अशिलाला?"

तो म्हणाला, "दोन्ही पक्षांच्या संमतीने झाला, युअर ऑनर."

"मी संमती विचारली नाही. हवा कुणाला होता?"

तो मिनिटभर आपल्या मागच्या लोकांशी कुजबुजला आणि म्हणाला, "आमच्या अशिलाला."

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो आमच्या बाजूने. ज्या करारातून मला काढलं तो नवा करार होता, तो झाला तेव्हा मी इथली कायमची रहिवासी होते, आणि म्हणून त्या देशाला या कोर्टापुढे उभं राहावंच लागेल. त्यांनी अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. ज्या दिवशी अपील फेटाळलं त्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, "येत नाही म्हणाला होता ना तो कॉन्सुल, देशावर खटला भरता?" त्या रात्री पोळ्या नवऱ्याने केल्या.

त्यानंतर तडजोडीचा निरोप आला. पैसे देतो, पण कुणाला काही सांगायचं नाही. वकीलबाईने मला इमानदारीने सांगितलं, "विचार कर. समज तू जिंकलीस, तरी त्यांची वकिलात, त्यांचं बँकेतलं खातं, काही जप्त करता येणार नाही. त्याला वेगळं संरक्षण आहे."

"गाडी?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे किती दिवस ते चित्र होतं, कोर्टाचा माणूस येतो आणि त्या नव्या काळ्या गाडीच्या काचेवर जप्तीचा कागद चिकटवतो.

"गाडीलाही हात लावता येणार नाही."

"मग नको तडजोड," मी म्हणाले. "त्यांनी नाही दिलं तर नाही दिलं. कोण चालवत होतं ते न्यायाधीशाने लिहिलेलं मला पाहिजे. उघड. कुणालाही वाचता येईल असं."

ती हसली. म्हणाली, "मला पैसे मिळणार नाहीत कदाचित." पण तिने खटला सोडला नाही.

मुख्य सुनावणीला कॉन्सुल आला नाही. त्याचा देश म्हणाला, ते आता दुसऱ्या कामात आहेत. व्हिडिओवरही आला नाही. मी रोज सकाळी कोर्टाच्या पडद्याकडे बघायचे आणि तो काळाच राहायचा. ते मला अजून खुपतं. त्याला समोरासमोर बघायचं होतं ते राहून गेलं.

पण हॉस्पिटलची डॉक्टर आली. तरुण, गरोदर, घाईत असलेली. तिने सांगितलं की माझ्या अंगावर पट्ट्याचा वळ होता तो डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, आणि हाड मोडलं ते त्या वळाखालीच. तिने तेव्हा काढलेला फोटो पडद्यावर लावला. माझी जांभळी काळी छाती अख्ख्या कोर्टाने बघितली. मला लाज वाटली नाही. बघा म्हटलं.

न्यायाधीश बाईंनी त्या सभ्य माणसाला विचारलं, "या देशात ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसतो?"

"उजव्या, युअर ऑनर."

"आणि त्याचा पट्टा कुठल्या खांद्यावरून येतो?"

"उजव्या." त्याचा आवाज जरा खाली गेला होता.

त्यांनी ते लिहून घेतलं. यूटवाल्यालाही बोलावलं होतं. त्याने कबूल केलं की त्याने मला गाडी चालवताना पाहिलं नव्हतं, दाराशी पडलेलं पाहिलं होतं. बाहेर पडताना तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "सॉरी, लव्ह." त्याच्यावर माझा राग नव्हताच.

निकालात स्वच्छ लिहिलं होतं. गाडी कॉन्सुल चालवत होता. त्याने मद्य घेतलेलं होतं. त्याने मला खोटं बोलायला सांगितलं, मी नकार दिला, तक्रार केली, आणि म्हणून मला काढलं. त्याचं नाव प्रत्येक पानावर होतं. मी ते परिच्छेद बाबांना फोनवर मराठीत करून वाचून दाखवले. डाव्या-उजव्या पट्ट्यापाशी आले तेव्हा ते म्हणाले, "हे मला आधी सुचायला हवं होतं. पट्ट्याचं मीच सगळ्यांना शिकवायचो."

भरपाई त्या देशाने दिली. जप्ती होऊ शकत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी दिली. वकीलबाई म्हणाली, कॅनबेरात इथल्या सरकारला तोंड दाखवायचं असतं त्यांना. तिची फी निघाली. मी मात्र तिथे थांबले नाही. तो निकाल मी त्याच्या भाषेत करून घेतला, इथल्याच एका मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून, आणि त्याच्या परराष्ट्र खात्याला पाठवला. तो आता जिथे होता त्या वकिलातीलाही पाठवला. त्याच्या देशातल्या दोन वर्तमानपत्रांना पाठवला. एकाने छापला. नवरा म्हणाला, "आता पुरे." मी म्हणाले, "मी ठरवीन कधी पुरे ते."

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका शनिवारी दुपारी परदेशातला नंबर वाजला. मी नेटबॉलच्या मैदानाबाहेर गाडीत बसले होते. आवाज ऐकताच ओळखला.

"माय डियर," तो म्हणाला, "कशी आहेस? खांदा बरा आहे ना?"

"काय काम आहे?"

त्याने बरंच गोल फिरवून सांगितलं. त्याचं नाव राजदूत म्हणून पुढे होतं. छोटा देश, पण राजदूत. कमिटीपुढे तो निकाल आला होता. मी दोन ओळी लिहून दिल्या, की आमच्यात आता काही कटुता नाही आणि तो दिवस दोघांसाठीही गोंधळाचा होता, तर फार मदत होईल. "तुला तुझं मिळालं," तो म्हणाला. "आपण दोघंही माणसं आहोत."

मी म्हणाले, "एक विचारते. गाडी कोण चालवत होतं?"

"ते कोर्टाने सांगितलंय."

"तुम्ही सांगा."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी चालवत होतो."

"आणि मला दारातून ओढलंत ते कशाला?"

"हे आता कशाला..."

"कशाला ओढलंत?"

"म्हणजे कुणी आलं तर तू त्या बाजूला दिसावीस म्हणून." आवाज पार बसला होता. "मग, देशील लिहून?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने मला शिवी दिली. त्याच्या भाषेतली, पण इतकी वर्षं त्याच्या ऑफिसात काढल्यावर मला ती कळली. मी शांतपणे ऐकून घेतली आणि फोन ठेवला. मग खिडकी खाली केली. मी खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. लोक म्हणतात, सूड घेतला की माणूस आतून रिकामा होतो. मी वाट बघितली तशी. काही रिकामं झालं नाही. हंटर व्हॅलीहून आल्यापासून खांद्यात जो एक ताण असायचा तो मात्र त्या आठवड्यात फिजिओलाही जाणवला नाही.

तो राजदूत झाला नाही. रिसेप्शनवरच्या मैत्रिणीने सांगितलं की त्याला राजधानीत कुठल्यातरी खात्यात बसवलंय, फायली बघायला. निवृत्तीपर्यंत. मी तिला म्हटलं, अजून काही कळलं तर सांग. ती म्हणाली, "अजून काय कळायचं राहिलंय?"

आता मी आमच्या भागातल्या म्हाताऱ्या लोकांची बस चालवते, डॉक्टरकडे, लायब्ररीत, दुकानात. कुणी माझ्या शेजारी पुढे बसायचा हट्ट धरला तर बसू देते. पट्टा मात्र मी स्वतः लावून बघते, तो नीट खांद्यावरून येतोय का, आणि मगच निघते.